परवाना वहिनींच्या नावावर, कारखाना दीदींचा – यातून वाट कशी काढायची?

सड्यावरचा

देवगड–विजयदुर्ग पट्ट्यातलं आमचं गाव. गावाचं नाव देत नाही आणि ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांचंही नाही. त्यांना विचारूनच धागा काढतोय, पण नाव नको म्हणाल्या. गावात सगळे दीदी म्हणतात, इथेही तेच चालवू.

दीदी पश्चिम नेपाळमधल्या. नवऱ्यासोबत आंब्याच्या राखणीला आल्या. किनाऱ्यावरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको: दिवाळीच्या आगेमागे कुटुंब बागेत येतं, मांगरात बिऱ्हाड मांडतं, फवारणी, वानर हाकलणं, झेल्याने आंबा उतरवणं सगळं करतं आणि पाऊस लागायच्या बेताला आपलं गाव गाठतं. एका वर्षी नवरा एकटाच परतला आणि दीदी राहिल्या, कारण पावसाळ्यात काजू सोलायचं काम मिळालं होतं. सोलता सोलता फोडायचं मशीन शिकल्या, मग ग्रेडिंग. शेडच्या मालकाने धंदा आवरता घेतला तेव्हा ती जुनी मशीनं गावातल्या एकालाही घ्यावीशी वाटली नाहीत. दीदींनी हप्त्याने घेतली. आज तिथे पंधरा-वीस बायका कामाला आहेत, निम्म्याहून जास्त आमच्याच वाड्यांतल्या.

त्यांनी नक्की काय केलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं 'जिद्द' आणि 'कष्ट' लिहून कोणाला काही कळत नाही. काजूत सगळा हिशोब अख्ख्या गराचा. साधारण चार किलो बियांमागे एक किलो गर निघतो, आणि त्यात अख्खा किती, पाकळी किती, तुकडा किती यावर नफा-तोटा ठरतो. पूर्वी बायकांना सरसकट किलोवर मजुरी होती, त्यामुळे हात भराभर चालायचे आणि गर मोडायचे. दीदींनी अख्ख्या गराला वेगळा, जास्तीचा दर लावला. वाफवलेली बी रात्रभर निवल्याशिवाय मशीनला लावायची नाही, असा नियम केला. कोण किती वजन करतं ते रोज फळ्यावर लिहायला लागल्या.

बी खरेदीतही तसंच. ओलीच्या नावाखाली कट्ट्यामागे (पोत्यामागे) कटती, म्हणजे वजनात घट, धरायची आपल्याकडची जुनी रीत. दीदी मूठभर बी हातात घेऊन वाजवतात, चार बिया शेतकऱ्यासमोर फोडतात आणि कटती किती ते तिथल्या तिथे ठरवतात. आफ्रिकेतून येणारी बी स्वस्त पडते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, तरी वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची बी त्या गावातूनच उचलतात. त्यांचं म्हणणं, टपोरा गर मागणारं गिऱ्हाईक वेगळं असतं आणि ते दरासाठी घासाघीस करत नाही.

आता अडचण. अन्न परवाना माझ्या चुलत वहिनींच्या नावावर आहे, विजेचा मीटरही त्यांच्याच. बँकेचे व्यवहार बचतगटाच्या खात्यातून होतात. दीदींकडे नेपाळची नागरिकता आहे. आधार नाही, पॅन नाही. सुरुवातीला छोटं काम होतं तेव्हा चालून गेलं. आता कोल्हापूरचा एक व्यापारी वर्षभराचा माल बांधून मागतोय आणि त्याला परवान्यावरच्या नावाचंच पक्कं बिल हवंय. वहिनींचा मुलगा मुंबईहून फोन करतो, आई सही करू नकोस. त्याचंही चूक नाही.

शिवाय ग्रामसंघाच्या (गावातल्या बचतगटांच्या संघाच्या) बैठकीत कोणीतरी म्हणालं, प्रक्रिया केंद्राचं नेतृत्व दीदींकडेच द्या. त्यावरून दोन तट पडलेत. जाणकारांनी सांगावं, कायद्याने कुठपर्यंत जाता येतं?

मालवणी_खाजा

माझो प्रश्न सादो आसा. बाय बरी आसा, ह्यां कोण नाय म्हणणत नाय. पण परवानो वैनीच्या नावार, मीटर वैनीच्या नावार. उद्या मालात काय सापडला तर केस कोणार होतली? वैनीर. दीदी रातची गाडी पकडून नेपाळाक गेली तर तिका शोधूक कोण जातलो? मी तिच्या विरोधात नाय हां. पण ह्यो कागद बरो नाय.

पेटीवाला

खाजाभाऊ, कागदाच्या मुद्द्याशी सहमत. 'रातची गाडी' मात्र उगाच. ज्या बाईचं मशीन, माल, उधारी सगळं इथे अडकलंय ती कुठे जाणार?

मी बागायतदार, त्यामुळे दीदींची दुसरी बाजू मला जास्त माहीत. आधी आम्हाला माणसं मुकादमाकडून मिळायची. तो आमच्याकडून आगाऊ रक्कम उचलायचा, त्यातलं गड्याच्या हातात किती पडायचं ते आम्ही कधी विचारलं नाही. दीदींनी एका सीझनला आम्हा चार-पाच बागवाल्यांना एकत्र बसवून सांगितलं की उचल थेट कुटुंबाला द्या, वहीत दोघांच्या सह्या घ्या, मी मधले पैसे घेणार नाही. आणि वर तीन अटी: मांगराला पक्कं छप्पर, फवारणीला मास्क, आजारपणात तालुक्याला न्यायला गाडी. खरं सांगायचं तर तेव्हा राग आला होता. आमच्याच बागेत येऊन आम्हालाच अटी! पण त्या वर्षापासून ऐन काढणीत माणूस पळून गेल्याची तक्रार आमच्या वाडीत नाही. आज दीदींबद्दल वाईट बोलणारे कोण आहेत ते नीट पाहा, निम्मे जुने मुकादम आहेत.

कागदपत्र_काका

धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे वळतो.

भारत आणि नेपाळमध्ये १९५० साली शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या कलम ७ मध्ये एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार-धंदा आणि ये-जा यांत परस्पर तत्त्वावर समान सवलती द्यायचं मान्य केलेलं आहे. म्हणून नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही आणि नोकरी-धंदा करण्यावर बंदी नाही. 'बाहेरच्या बाईला धंदा करता येतो का' हा वाद इथेच संपतो.

राहिले कागद. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, तो रहिवासाशी जोडलेला आहे. आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीला तो मिळू शकतो. नेपाळी नागरिकाने एकतर नेपाळचा पासपोर्ट दाखवायचा, नाहीतर नागरिकता प्रमाणपत्र आणि सोबत नेपाळी दूतावासाने दिलेलं मर्यादित मुदतीचं फोटो ओळखपत्र. असं आधार १० वर्षांपुरतं असतं. लोक अडकतात ते दूतावासाच्या त्या कागदापाशी, कारण फक्त नागरिकता घेऊन केंद्रावर गेलं तर परत पाठवतात. आधार झालं की पॅन (परदेशी नागरिकांचा अर्ज वेगळा असतो, नेहमीचा भरू नका), मग उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी, मग त्यांच्या मालकीच्या फर्मच्या नावाने अन्न परवाना. हाच क्रम ठेवा.

आणि वहिनींच्या मुलाला सांगा, त्याची काळजी रास्त आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली परवाना ज्याच्या नावावर, जबाब त्याला द्यावा लागतो. 'मी फक्त नाव दिलं होतं' हा बचाव टिकत नाही.

गावरहाटी

करारात मालमत्ता पण आहे म्हणताय. म्हणजे उद्या जमिनी घ्यायला मोकळे? आधीच सड्यावरची (कातळपठारावरची) निम्मी जमीन परप्रांतीयांनी घेतली आहे.

कागदपत्र_काका

नाही. परकीय चलन कायद्याच्या नियमांत काही देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय भारतात स्थावर मालमत्ता घेता येत नाही, आणि त्या यादीत नेपाळ आहे. ते इथेच राहत असले तरीही. सूट एवढीच की ५ वर्षांपर्यंतच्या मुदतीने जागा भाडेपट्ट्याने घेता येते. शेतजमिनीचं तर १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ आहेच, शेतकरी नसलेल्या भारतीयालाही ती सहज मिळत नाही. तुमच्या सड्यावरची जमीन दीदींनी घेतलेली नाही. ती ज्यांनी घेतली त्यांना आपल्याच लोकांनी विकली, पण तो वेगळा धागा होईल.

गुरुजी_जिप

मी त्याच भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे, म्हणून लिहितो. इथे सगळी चर्चा काजूची चाललीय, माझ्या दृष्टीने दीदींचं मोठं काम शाळेचं.

आमच्या शाळांची अवस्था ठाऊक आहे. गावातली तरणी माणसं मुंबईला, पोरं तिकडच्या शाळेत. पट घसरत घसरत शाळा टिकेल की नाही इथपर्यंत येतो. दुसरीकडे बागांमधली नेपाळी मुलं दिवसभर आंब्याखाली. आई-बापांना वाटायचं, कागद नाहीत तर शाळा घेणार नाही. खरंतर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवायचं. हे कलम दीदींना कोणी सांगितलं ठाऊक नाही, पण एका जूनमध्ये पाच मुलं घेऊन ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, कायदा आहे ना?"

आता खरी गोम. मुलं वर्गात बसतात, मराठी कविता म्हणतात, पोषण आहार खातात. पण संचमान्यतेसाठी आधार जुळलेली मुलंच धरतात, त्यामुळे शिक्षकाची पदं ठरवताना ही मुलं कुठेच नसतात. म्हणजे शिकवायची आम्ही आणि मोजायची कोणी नाही. दीदी दर वर्षी दसैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) आधी घरोघर फिरून सांगतात, गावी जाताय तर मुलांची जन्मनोंद घेऊनच परत या. काकांनी वर जो दूतावासाचा कागद लिहिलाय तो मुलांच्या बाबतीतही आडवा येतो का, हे कोणी सांगेल का?

बंदरावरची

दीदी फक्त बागवाल्यांच्या नाहीत हे सांगायला आले. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. ऑगस्टला होड्या पाण्यात जायच्या आधी नेपाळी खलाशी बंदरात हजर. मालकाला खलाशांची यादी सागरी पोलिसांना द्यावी लागते, आणि त्या यादीत पूर्वी निम्म्या लोकांचं आडनाव 'नेपाळी'. म्हणजे माणूस दर्यात गेला तर कळवायचं कोणाला?

तसं घडलंही. एक पोरगा रात्रीच्या वेळी जाळं ओढताना पडला. घरचा नंबर कोणाकडेच नाही. दीदींनी तीन दिवस फोन करून करून त्याचं गाव शोधलं. होडीमालक अंत्यविधीचा खर्च देऊन मोकळा व्हायच्या बेतात होता. दीदी वही घेऊन समोर बसल्या. कामावर असताना माणूस गेला तर मालकाने भरपाई द्यायची ही तरतूद १९२३ पासून आहे हो, आपल्याकडे फक्त वापरायची सवय नाही. विम्याचा दावा लागला, पैसे त्याच्या आईपर्यंत पोचले. तेव्हापासून बंदरात दीदींची खलाशी-वही चालते: नाव, नेपाळमधलं गाव, घरचा नंबर, होडीचं नाव. आता तांडेलच (होडीचे म्होरके) माणसं घेऊन त्यांच्याकडे येतात.

गावरहाटी

चांगलंय. पुढच्या निवडणुकीत सरपंच करा मग.

पेटीवाला

करता येणार नाही, मतदारयादीत नाव लागतं. ग्रामसभेतही मत नाही. तुमचं आहे ना? मागच्या ग्रामसभेला कोरम भरला नव्हता, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

चाकरमानी_लालबाग

वाद वाढायच्या आत एक जुनी गोष्ट.

आमची आजी कणकवलीहून गिरणगावात आली आणि खोलीतच खानावळ चालवायची. दोन वेळचं जेवण, महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी. किराणा उधार, वर सावकाराचं व्याज, तारण म्हणून मंगळसूत्र. बँकेत गेलं तर घर भाड्याचं, धंद्याचा कागद नाही, सही म्हणजे अंगठा. अशा हजारो खानावळवाल्या होत्या आणि त्यांत आपल्या कोकणातल्या पुष्कळ. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या स्वतः गोव्याच्या, मुक्तिलढ्यातून आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेल्या. बँका १९६९ ला राष्ट्रीयीकृत झाल्या होत्या, पण खानावळवालीला कर्ज द्यायचं कशाच्या भरवशावर? तेव्हा बायकांचे गट करून एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि कर्जं मिळाली.

मुद्दा असा की तिथे एकीचं नाव वापरून दुसरीने धंदा केला नाही. प्रत्येकीचा धंदा तिच्याच नावाने, आणि गट पाठीशी हमीला. तुमच्या गावात नेमकं उलटं झालंय. नाव गटातल्या बाईचं, जोखीम तिची, आणि धंदा करणारी कागदावर कुठेच नाही.

अवांतर: आजीला लालबागमध्ये पहिली काही वर्षं 'बाहेरची' म्हणत होते. घाटावरचे म्हणत आणि मुंबईचे पण म्हणत.

काजूसोली

मी तिथेच कामाला आहे. सगळे दीदींना डोक्यावर घेऊन नाचताय म्हणून दोन गोष्टी लिहिते.

पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात येतात, नवऱ्याच्या हातात नाही, हे त्यांच्यामुळेच झालं. गणपतीत पाच दिवस शेड बंद. टरफलाच्या तेलाने हात सोलवटतात त्यासाठी खोबरेल आणि मोजे ठेवतात. मोजे घालून हात चालत नाही, मग आम्हीच काढतो, तो आमचा दोष.

पण बाई कडक आहेत. दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस धरतात, आमच्याकडे एसटीचा भरवसा काय ते त्यांना ठाऊक असून. आणि तो फळा. आमच्यातल्या एका काकींची नजर कमी झालीय, त्यांचं वजन रोज सगळ्यांत खाली, रोज सगळ्यांसमोर. नवीन पोरी हसतात. दीदींना एकदा सांगितलं तर म्हणाल्या, हिशोब उघडा असला तरच भांडण होत नाही. हिशोब उघडा ठेवायला माणसाला उघडं पाडायला लागतं का? नेतृत्व द्यायचंच तर कामाला येणाऱ्या बायकांपैकी दोघी तरी त्यांच्यासोबत बसवा, सगळं एका माणसावर नको. मग तो माणूस नेपाळचा असो की नांदगावचा.

सड्यावरचा

काजूसोलीताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यांत कामाचा. दीदींना वाचून दाखवला. फळा काढणार नाही म्हणाल्या, पण नावांऐवजी नंबर लिहितील आणि ज्यांना दिसायला त्रास होतो त्यांना सोलण्याऐवजी पॅकिंगला घेतील. उशिराच्या बाबतीत मात्र ढिम्म हलल्या नाहीत. एसटीचं वेळापत्रक दाखवलं तरी.

गुरुजी, मुलांच्या आधारबद्दल दीदी म्हणतात की ज्यांच्या आईवडिलांपैकी एकाचा तरी कागद झाला त्यांचं पुढचं काम सोपं गेलं. म्हणून त्या आधी मोठ्यांच्या मागे लागतात.

गावरहाटी, तुमच्या चुलत्यांची बी गेल्या हंगामात दीदींनीच उचलली, हे तुम्हाला माहीत आहे की नाही कल्पना नाही. काजूला २०० रुपये हमीभाव द्या म्हणून आपले शेतकरी ओरडत होते तेव्हा व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली होती आणि ही एक शेड चालू होती. मला दीदींचं कौतुक करून थांबायचं नाही. आपण सगळे त्यांना 'आपल्याच' म्हणतो, शाळा वाचवायला, खलाशी शोधायला, बी विकायला हाक मारतो, आणि कागदाची वेळ आली की दुसऱ्या बाईचं नाव पुढे करतो. यात दीदीही लटकतात आणि वहिनीही.

मालवणी_खाजा

ह्यां पटला. मगे जागेचा काय? शेड कोणाची?

सड्यावरचा

शेड जुन्या मालकाचीच, बिनशेती जागेत. तोंडी भाडं चालू आहे.

कागदपत्र_काका

तोंडी अजिबात ठेवू नका. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी जागामालकाची आहे. मुदत ५ वर्षांच्या आत ठेवा म्हणजे रिझर्व्ह बँकेचा प्रश्न येत नाही. परवान्याला जागेचा कागद लागतोच, तिथे हाच लावा.

कर्जाचं: नवीन फर्मला बँक लगेच कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) देणार नाही, ताळेबंदच नाही. लालबागवाल्यांनी सांगितलेली वाट इथे उपयोगी पडेल. गटाने अंतर्गत कर्ज म्हणून रक्कम द्यायची, ठराव करायचा, परतफेडीचे हप्ते लिहायचे. आणि दीदींकडून गटाला काय मिळतंय तेही ठरावात घाला, म्हणजे उद्या कोणी 'फुकट वाटले' म्हणणार नाही.

सड्यावरचा

थोडी माहिती देतो, कारण पुष्कळांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

दसैंला गावी जाताना दीदी वाटेत दिल्लीत उतरल्या आणि दूतावासाचं ओळखपत्र घेऊन आल्या. आधारची नोंदणी झाली. पॅनचा अर्ज गेलाय. शेडच्या मालकाने ४ वर्षांचा करार करायला होकार दिला, भाडं थोडं वाढवून, ते अपेक्षितच होतं. गटाची बैठक झाली. ठराव असा: खेळत्या भांडवलासाठी गट दीदींना कर्ज देणार, बदल्यात गटातल्या बायकांची बी आधी घ्यायची, आणि कामावरच्या दोघी दर महिन्याला हिशोबाला बसणार. त्यातली एक काजूसोलीताई. 'नेतृत्व कोणाचं' हा शब्दच ठरावात नाही, त्यामुळे दोन्ही तट गप्प.

नवा परवाना हातात येईपर्यंत वहिनींच्या परवान्यावर नवीन माल बांधायचा नाही असं ठरलं. कोल्हापूरवाला फेब्रुवारीपर्यंत थांबायला तयार आहे. वहिनींच्या मुलाने स्वतःहून फोन केला, मीटर कधी काढताय विचारायला.

कागदपत्र_काका

मीटर नावावर करण्याआधी थकबाकी शून्य असल्याची पावती घ्या. आणि एक बारीक गोष्ट, जिच्यावर अर्ज हमखास परत येतात: भाडेकरार, आधार, परवान्याचा अर्ज, तिन्हीकडे शेडचा पत्ता अक्षराला अक्षर सारखा हवा. एकीकडे वाडीचं नाव आणि दुसरीकडे 'सडा' असं लिहू नका.

सड्यावरचा

करारात 'सडा'च लिहिलंय. उद्या सकाळी तालुक्याला जाऊन दुरुस्त करून घेतो.